तुळसाच्या नावापाशी

एकदा एका पुष्कळ शिकलेल्या तरुणाने शिक्षक व्हायचे ठरवले. त्याच्यापाशी पदव्या होत्या, बालमनावरचे मोठमोठे ग्रंथ त्याने वाचले होते; पण आपल्याला हे जमेल की नाही, ही शंका काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हती. गणपतीचे दिवस सरल्यावर अध्यापक विद्यालयाने त्याला एका गावच्या शाळेत धाडले. वर्ग पहिलीचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या. शिकाऊ शिक्षकाने आधी नुसते पाहावे, आणि मुलांचे चित्त विचलित होऊ नये म्हणून वर्गाच्या शेवटी बसावे, असा विद्यालयाचा दंडक होता. त्याप्रमाणे तो मागच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसू लागला.

हजेरी घेताना बाई रोज एक विचित्र गोष्ट करत. एकामागून एक नावे पुकारली जात, ‘हजर बाई’, ‘हजर बाई’ असे आवाज उठत. मग तुळसा नावाच्या मुलीचे नाव येई, आणि सारे थांबे. तुळसा उठून उभी राही. काही बोलत नसे. बाईही बोलत नसत. कौलांतल्या चिमण्यांची कलकल ऐकू येई, बाहेर विहिरीवरचा रहाट करकरे. बराच वेळ तसा गेल्यावर बाई मान हलवत, हजेरी लावत आणि पुढचे नाव घेत.

त्याने चौकशी केली तेव्हा कळले, की तुळसाचा आवाज जन्मतःच घोगरा, एखाद्या बाप्याचा असावा तसा. शाळेच्या पहिल्याच दिवशी ती ‘हजर’ म्हणाली आणि सारा वर्ग खदखदून हसला. केरू नावाच्या पोराने तर डबक्यातल्या बेडकासारखे ओरडून दाखवले. तेव्हापासून तिने शाळेत तोंड उघडलेले नव्हते. तिचा बाप दोनदा दारापर्यंत येऊन गेला होता. दिवाळीपर्यंत पोरगी बोलली तर ठीक, नाहीतर ती घरी शेळ्या राखील, असे त्याने बजावले होते.

मग तर त्या तरुणाला ते थांबणे अधिकच निर्दय वाटू लागले. मुलीच्या वर्मावर रोज बोट ठेवायचे हे कसले शिक्षण? समोर तुळसाच्या दोन घट्ट वेण्या आणि आखडलेले खांदे दिसत. पण एवढ्या अनुभवी बाईंना विचारायचे तरी कसे, म्हणून तो गप्प राही.

एके दिवशी बाई सभेसाठी परगावी गेल्या आणि हजेरी त्याच्याकडे आली. तुळसाचे नाव येताच ती उठली. त्या शांततेचा पहिला क्षणच त्याला सोसवेना. तो घाईने, मायेने म्हणाला, “बैस बाळ, तू आलेली आहेस हे दिसतंय मला.” आणि त्याने पुढचे नाव घेतले.

केरूने हात वर केला. “गुरुजी, बाई थांबतात इथं.”

आज थांबायची गरज नाही, असे त्याने सांगितले. तुळसा खाली बसली. आपण एका लेकराची मानहानी टाळली, या समाधानात त्याचा तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. तुळसाचे नाव घेऊन नेहमीप्रमाणे थांबल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला जवळ बोलावले.

“काल काय झालं, मास्तर?”

त्याने सर्व सांगितले, काहीशा अभिमानानेच. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मागच्या भिंतीजवळची त्याची खुर्ची उचलायला लावली, आपल्या टेबलाशेजारी ठेववली आणि त्याला तिच्यावर बसवले.

“मुलं बसली की इथून काय दिसतं?”

“मुलांचे चेहरे.”

“आणि तिथून?”

त्याने मागच्या भिंतीकडे पाहिले.

“तुम्हाला मागे बसायला शिकवलं, तुम्ही बसलात, त्यात तुमची चूक नाही,” बाई म्हणाल्या. “पण तिथून फक्त पाठी दिसतात. मी नाव घेतलं की तुळसाचे ओठ हलतात, मास्तर. श्रावणापासून हलताहेत. आवाज गळ्यापर्यंत येतो नि परत जातो. मी थांबते ती तिला बोलायला लावायला नाही. इतरांना शब्दाची जागा आहे, तशी तिला त्या गप्पपणाची जागा आहे; तिथं ती रोज एकदा प्रयत्न करते. आणि जी पोरं तिला हसली होती, ती आता तिच्यासाठी श्वास रोखून बसायला शिकलीत. काल ती शांतता तुम्हाला सोसली नाही. तिला सोसत होती. तुम्ही तिच्या वतीनं उत्तर दिलंत, आणि आज तिचे ओठ हलले नाहीत.”

दिवाळी जवळ आली होती. आपण इथून निघून जावे हे बरे, असे तो पुटपुटला.

“जाल तर पाठच दाखवाल,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून हजेरी तुम्ही घ्या.”

त्याने घेतली. रोज त्या नावापाशी तो थांबे. काहीतरी बोलून टाकावे असे होई. पण तो थांबे. तुळसाचे ओठ मिटलेले ते मिटलेलेच. रात्री त्याला वाटे, जे फुटले ते आता सांधले जाणार नाही. आणि मग एका सकाळी, बाहेर रहाट करकरत असताना, तिचा खालचा ओठ किंचित थरथरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी हजेरी चालू असताना तुळसाचा बाप मुलांच्या पाठीमागच्या दारात येऊन उभा राहिला. पोरीला न्यायलाच तो आला होता. तिचे नाव पुकारले गेले, ती उठली आणि वर्ग शांत झाला.

बाप थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “न्हाई बोलायची ती, मास्तर. फुडचं नाव घ्या.”

तरुण उठला, दारापाशी गेला आणि त्या माणसाचा हात धरून त्याला मुलांच्या मधून पुढे, आपल्या टेबलापाशी घेऊन आला. केरूने आपल्याच तोंडावर हात दाबून धरला होता. तुळसाने बापाकडे पाहिले. तिचे ओठ विलग झाले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि नुसता एक श्वास बाहेर आला, आवाजाविना. ओठ मिटले. ती खाली बसली.

बापाने तोंडावरून हात फिरवला आणि शेजारी बसलेल्या बाईंना विचारले, “दिवाळीनंतर शाळा कवा उघडती?”

बाईंनी तारीख सांगितली. तरुणाने तुळसाची हजेरी लावली आणि पुढचे नाव घेतले.

ज्याचे भले करायचे, त्याच्या समोर जाऊन आधी त्याचा चेहरा पाहावा.