शेवतीची खांड

बसा सरकून. हातानं जाळं विणत राहिलात तरी माझी हरकत नाही, पण तोंडं बंद ठेवा. ही गोष्ट मधे तोडलेली मला खपत नाही.

फार वर्षांपूर्वी, आपल्या तारेघोळला अजून धड रस्ताही नव्हता, तेव्हाची ही हकिकत. डोंगराच्या दोन टोकांमधून आत शिरलेलं हे पाणी, म्हणजे आपलं बंदर, तेव्हाही असंच होतं. आणि गावाची एक रीत होती. दर्यात गेलेला माणूस परत आला नाही, त्याचं प्रेतही लागलं नाही, की घरच्यांनी त्याच्या नावाचा एक दगड नेऊन बंदराच्या तोंडाशी ठेवायचा. भरकटलेल्या जिवाला लांबून आपला गाव ओळखता यावा म्हणून. रीत मायेची होती, तिला नावं ठेवू नका. पण दर्या काही माणसं घ्यायचा थांबत नाही. पिढ्यान् पिढ्या दगडाला दगड लागत गेला, आणि एका टोकाकडून निघालेली रांग दुसऱ्या टोकाजवळ पोचली. होड्या भरतीला तिच्यावरून ये-जा करायच्या.

त्यातला शेवटचा दगड शेवतीनं ठेवला. शेवती म्हणजे धाकू सारंगाची बायको. धाकू ऐन उमेदीत गेला, पदरी मूलबाळ नाही. ती हट्टाला पेटली, की माझ्या माणसाला लहान दगड चालणार नाही. मग दोन होड्या एकमेकींना बांधल्या, मधे दोरखंडांनी तो काळा धोंडा लोंबकळत ठेवला आणि रांगेतल्या सगळ्यांत मोठ्या फटीत नेऊन सोडला. शेवती रोज ओहोटीला तिसऱ्या काढायला बंदरात उतरायची, आणि शिंपल्यांची टोपली भरली की त्या दगडाला टेकून धाकूशी चार शब्द बोलायची. संसार म्हणून तिच्याजवळ तेवढंच राहिलं होतं.

आता बंदर कसं झालं म्हणाल, तर परातीतल्या पाण्यासारखं शांत. लाट आत यायचीच नाही. गाव खूश. पण अहो, लाट नुसती होड्या आपटायला येत नसते. ती तळाचा गाळ ढवळते, आणि ढवळलेला गाळ ओहोटी उचलून बाहेर नेते. दोघींचं काम जोडीचं. ताक ढवळायचं थांबलं की साका खाली बसतो, तसा डोंगरातून उतरणाऱ्या व्हाळानं पावसाळ्यात आणलेला सगळा चिखल बंदरात बसायला लागला. आधी तिसऱ्या मेल्या. मग होड्या रुतायला लागल्या. शेवटी अशी वेळ आली, की भरतीलासुद्धा होडी ढकलत बाहेर काढावी लागे. अजून एक पावसाळा असा गेला असता, तर चुली उचलून दुसरा किनारा शोधायची पाळी होती.

होड्यांचा म्होरक्या होता बाबल तांडेल. त्यानं गाव जमवलं आणि म्हणाला, "दर्या रागावलो हा. गेलेल्या माणसांचो मान कमी पडलो. उरलेली फट बुजवया."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवती मात्र उठून उभी राहिली. रांगेच्या टोकाला जी एवढीशी फट उरली होती, तिथं तिच्या पायाला स्वच्छ वाळू लागायची, आणि धाकूच्या दगडाआड मांडीभर चिखल. रोजचं चालणं तिचं, तिला कोण काय सांगणार?

"पाण्याची वाट आमीच अडवली," ती म्हणाली. "बुजवूक नको, उघडूक व्हयी."

"मेलेल्याचो दगड हलवतलंस? वंश बुडतलो," बाबल म्हणाला.

"माका पोर नाय," शेवती म्हणाली, आणि पहार घेऊन चालू लागली.

दुसऱ्या कुणाच्या दगडाला तिनं बोट लावलं नाही. धाकूच्याच दगडाशी गेली. आता विचार करा, ज्याच्याशी रोज बोलायचं तोच दगड उपटायचा. ती रडत होती, असं म्हणतात, पण हात थांबला नाही. पाणी ओसरू लागलं की ती दगडाच्या बुडाखालचा चिखल पहारीनं सैल करायची, आणि ओहोटी तो फटींतून ओढून न्यायची. भरती आली की काठावर बसायची. पहिल्यांदा लोक हसले. मग शिव्या दिल्या. मग गप्प झाले. ती एकटी आणि ओहोटी, असं अमावास्येपर्यंत चाललं.

अमावास्येच्या उधाणानंतरच्या ओहोटीला दर्या असा मागं हटला, की जुन्या माणसांनीही तसा तळ पाहिला नव्हता. धोंडा कलला. शेवतीनं पदर खोचला, चुंबळ केली आणि तो धोंडा डोक्यावर घेतला, असं म्हणतात. दोन होड्यांना जो जड झाला होता, तो. खरं का म्हणून मीही लहानपणी विचारलं होतं. कानफटीत बसली होती, म्हणून तुम्ही विचारू नका.

ती काठाला आली तर वाटेत बाबल तांडेल आडवा उभा. मागं सगळा गाव.

शेवती म्हणाली, "माझ्या घोवाक घरी व्हरतंय. बाजूक हो."

बाबलच्याही भावाचा दगड त्या रांगेत होता, आणि त्याची आई दार उघडं ठेवून मेली होती. त्यानं वाट सोडली. तेवढ्यात तिच्या मागं पाण्याचा आवाज आला. उघड्या जागेतून बंदर बाहेर धावत होतं, तांबडंलाल, गढूळ. बाबलनं डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची चुंबळ केली आणि पाण्यात उतरला. मग घरटी माणूस उतरला. बायकासुद्धा. गावाला जेवढी माणसं परत हवी होती, तेवढे दगड त्या दिवशी घरी गेले. आणि लाट आत आली. गाळ ढवळत राहिली, ओहोटी नेत राहिली, आणि पार क्षितिजापर्यंत दर्या महिनाभर तांबडा होता, असं म्हणतात.

ती मोकळी जागा म्हणजे शेवतीची खांड. आज तारेघोळमध्ये प्रत्येक जुन्या घराची पहिली पायरी त्या रांगेतली आहे, आणि नवी सून तिला हात लावूनच आत जाते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की लहानथोर सगळे ओहोटीच्या पाण्यात उतरून पायांनी वाळू ढवळतात. न्यायचं काम पाण्याचं.

आणि कुणाचा माणूस आलाच नाही, तर त्या घरची बाई खांडीपाशी जाते, तळातला एक दगड उचलते आणि डोक्यावर घेऊन घरी आणते. दगड केवढाही असो, तिला कुणी हात लावत नाही, कुणी हाक मारत नाही. ती दाराशी पोचेपर्यंत गावात कुणी बसलेलं राहत नाही.