रूपाजीचा अंतरपाट

एका राज्यात रूपाजी नावाचा विणकर राहत होता. रूप असे, की तो ओढ्यावर गेला की पाणी वाहायचे थांबून त्याच्याकडे बघे. त्याला डोंगरावरच्या फुलाईने पाहिले, पाताळातल्या तळाईने पाहिले, आणि दोघी देवी हट्टाला पेटल्या.

"रूपाजी मिळेतोवर फूल उमलणार नाही," फुलाई म्हणाली.

"बी रुजणार नाही," तळाई म्हणाली.

शाप लागला. शेते उघडी पडली, चुली थंडावल्या.

राजाने घाबरून निवाडा दिला. "सहा महिने वर, सहा महिने खाली. लग्न दोघींशी."

"आणि माझे महिने कोणते, महाराज?"

राजाने मान वळवली.

पण नवरा नुसता उचलून नेणे देवींना कमीपणाचे वाटले. एकीला दुसरीहून जास्त थाट हवा. मांडव हवा, मंगलाष्टके हवीत, अंतरपाट नवऱ्याच्या हातचा हवा. फुलाई म्हणाली, "ढगात जाळे विणणाऱ्या कोळ्याचे सूत आण." रूपाजीने सात दिवस चढून आणले. तळाई म्हणाली, "काळडोहाच्या तळचा रंग आण." तिथल्या नागाला चुकवून त्याने तोही आणला. मग दोघी म्हणाल्या, "आता एका दिवसात विण. असा, की आमचीही नजर पार जाऊ नये."

रूपाजी मागावर डोके टेकून बसला. खिडकीत साळुंकी उतरली.

"रडतोस काय रे वेड्या?"

"हा पाट पुरा झाला, की मी संपलो, साळूताई."

"पळवले असते तर संपला असतास. यांनी तर लग्न मागितलेय! पाट सरण्याआधी नवऱ्याला विचारावे लागते. तो नाही म्हणाला, तर त्या लग्नापायी घातलेली आण, शाप, सगळे सुटते. देवांनीच घातलेली रीत आहे."

"आणि विचारलेच नाही तर?"

"तोंड आहे ना तुला?"

रूपाजीने धोटा उचलला आणि दिवस मावळायच्या आत अंतरपाट विणून काढला.

लग्नाला सारे गाव लोटले, राजाही मांडवात सिंहासन मांडून बसला. भटजींनी अष्टके भराभर उरकली आणि पाट ओढायची खूण केली. रूपाजीने पाटाची कड घट्ट धरली.

"विचारायचे राहिले, भटजी."

"अरे, देवींच्या लग्नात कसले विचारणे!"

"मग हे लग्न नव्हे, पळवणे आहे. तसे मोठ्याने म्हणा. गावालाही कळू दे."

भटजींनी देवींकडे पाहिले. पाटाआडून फुलाई म्हणाली, "मी तुला म्हातारा होऊ देणार नाही."

तळाई म्हणाली, "मी तुला मरू देणार नाही."

"आणि मला काय हवे?"

"पाट ओढा!" पलीकडून दोघी एकदम ओरडल्या.

भटजींनी पाट खेचला. रूपाजीची बोटे सुटू लागली. तेवढ्यात राजा सिंहासनावरून उठला, आला, आणि त्याने रूपाजीच्या हाताशेजारी तीच कड धरली.

"विचारा," राजा म्हणाला.

"वरा, म... मान्य आहे?"

"नाही."

"कोणती नाही?" भटजींनी विचारले.

"दोघीही नाहीत. तुमची भीती वाटते मला. तरी नाही."

मांडवाच्या मेढीला पालवी फुटली. उघड्या शेतांत बी तडतडून उकलले. देवी आल्या वाटेने निघून गेल्या, एकमेकींकडे न बघता. त्या दिवसापासून त्या राज्यात विचारल्यावाचून कुणाचा पाट सरला नाही, आणि पीक आपल्या वेळेला येत राहिले.

राजाने हळूच विचारले, "रूपाजी, उद्या तिसरी कुणी आली तर?"

"येऊ द्या. विचारू द्या. मग मी बघेन."