तीन साड्या आणि राणीचे झुमके

एका राज्यात साडी नेसून झाली की बाईनं आरशापुढे नव्हे, राजाच्या बहिणीपुढे उभं राहायचं, असा रिवाज पडला होता. राजाचं नाव सुवर्णबाहू, बहिणीचं कनकलेखा. या साडीवर कानात काय घालू, एवढंच तिला विचारायचं. ती पदराचा काठ बोटांत धरी, बाईच्या चेहऱ्याकडे बघे आणि सांगे. तिची नजर कधी चुकली नाही. जीभ मात्र अंमळ तिखट होती, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रधानाची बायको भरजरी शालूवर वाटीएवढे झुबे लटकवून आली, तेव्हा "मामी, मिरवणूक तुमची की कानांची?" असं भर दरबारात विचारायला ती कचरली नव्हती.

पुढे काय झालं, की राजानं काळकंठ मांत्रिकाचा किल्ला जिंकला. तळघरात कानातल्या दागिन्यांची रास लागली होती. झरोक्यातून एक भारद्वाज पक्षी म्हणाला, "राजा, हात लावू नकोस. रास शापित आहे." पण जिंकलेला राजा कधी पाखराचं ऐकतो काय? त्यानं राशीतले सगळ्यांत देखणे घुंगरांचे झुमके उचलले आणि राणी मृणालवती बाळंत झाली त्या दिवशी कौतुकानं तिच्या कानांत घातले.

झालं! त्या दिवसापासून राणीला सगळं ऐकू येई. पाखरं ऐकू येत, दासींची कुजबुज ऐकू येई. एक तेवढं ऐकू येईना, पोटच्या पोराचं रडणं. पोर पाळण्यात टाहो फोडी आणि राणी शेजारी बसून सांगे, "माझं बाळ किती शहाणं! रडणं म्हणून ठाऊक नाही त्याला." दासी माना खाली घालत. झुमके काढावेत तर फिरकी फिरेना. राजाच्या सोनाराचे चिमटे मोडले, फिरकी हलली नाही.

कनकलेखेनं खरं काय ते सांगून पाहिलं. "वन्सं, थट्टेला काही सीमा?" असं म्हणून राणी हसली.

मग काही महिन्यांनी एका सकाळी बाळ रांगत रांगत अंगणातल्या हौदाच्या काठावर गेलं, एक हात पाण्यावर सुटला आणि ते किंचाळलं. राणी हाताच्या अंतरावर गजरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही. कनकलेखेनं पळत येऊन पोराला ओढलं, तेव्हा कुठे राणी म्हणाली, "अगबाई, अशा धावलात का?"

कनकलेखेनं पोराला उराशी धरलं. आज मी होते, उद्या नसले तर? तिला त्या विचारानं भडभडून आलं.

भारद्वाज हौदाच्या कठड्यावर उतरला. "रडून काय होणार? किल्ल्याच्या तळघरात राशीच्या तीन बाजूंना तीन दारं आहेत. प्रत्येक दाराशी एक बाई उभी आहे. काळकंठानं त्यांच्या कानांतलं ओरबाडलं आणि राखणीला त्यांनाच उभं केलं. तिघींच्या कानांत शोभेल ते पडलं, की शाप फिटेल. चुकीचं पडलं किंवा घालायला उशीर झाला, तर घालणारा दगड होतो."

"आजवर कोणी गेलं होतं?"

"मोठमोठे जवाहिरे गेले. तिथंच आहेत."

"चल," कनकलेखा म्हणाली. भारद्वाज पुढे उडाला, ती मागे निघाली.

पहिल्या दाराशी पैठणी नेसलेली बाई होती. पदरावर जरीचे मोर, काठ तळपता. भोवती जवाहिरे दगड होऊन उभे होते, प्रत्येकाच्या हातात हिऱ्यांचे लोलक.

"मला शोभेल ते घाल," बाई म्हणाली.

कनकलेखेनं राशीतून मोत्यांच्या कुड्या उचलल्या. "बाई, तुमचा पदर एवढा बोलतोय, कानांनी जरा गप्प बसावं." कुड्या घालताच बाई हसली आणि दार उघडलं.

दुसऱ्या दाराशी काळी चंद्रकळा नेसलेली बाई होती. जरीची एक तार नाही, बुट्टा नाही. इथले दगड इवलीशी फुलं धरून उभे होते. साध्या साडीवर साधंच हवं, असं बिचाऱ्यांना वाटलेलं. कनकलेखेनं मात्र सोन्याचे भरघोस झुबे उचलले. काळ्यावर सोनं खुलतं. घालू लागली तर बाईच्या कानांच्या पाळ्या ओढल्या गेल्या, ती कळवळली, आणि कनकलेखेची बोटं गारठून जड झाली.

"अगं, वेल! वेल लाव!" भारद्वाज ओरडला.

तिनं घाईनं राशीतल्या सोनसाखळ्या काढल्या, झुब्यांना अडकवून बाईच्या केसांत खोवल्या. भार पाळ्यांवरून उतरला. बोटांत ऊब आली. दार उघडलं.

तिसऱ्या दाराशी उभी असलेली बाई जुन्या सुती साडीत होती. धुऊन धुऊन रंग विटलेला, पोत मऊसूत. कनकलेखेनं मोत्यांचे लोंबते घोस उचलले, सुंदर दिसले असते. पण तिची नजर बाईच्या खांद्यावर गेली. तिथं ओला डाग होता.

"बाई, मूल केवढं आहे?"

बाईनं दाराकडे वळून पाहिलं. "इथं कोणी असं विचारलं नव्हतं. अंगावर पितं आहे. दाराआड निजलंय. शाप सुटेल तेव्हा उठेल."

"मग लोंबतं काही नको. उठलं की पहिली मूठ कानालाच घालील." तिनं रास उपसली. इवली फुलं सगळी मघाच्या दगडांच्या मुठीत गेली होती, एक म्हणून सापडेना. बोटं पुन्हा दगड होऊ लागली. तेव्हा तिनं स्वतःच्या कानांतली मुगाएवढी फुलं काढली. कान टोचले तेव्हा आईनं घातली होती ती. देताना वाईट वाटलं, फार वाटलं. तरी दिली.

फुलं कानांत बसली मात्र, दाराआड काहीतरी हललं. बाई आभार मानायलाही थांबली नाही, आत पळाली. दगडाचे जवाहिरे शिंकत जागे झाले आणि लगेच वजनांवरून भांडू लागले.

कनकलेखा वाड्यात परतली, तेव्हा राणी पाहुण्यांना सांगत होती, "रडतच नाही हो आमचं बाळ." मागे पाळण्यात पोर रडून लालबुंद झालं होतं. कनकलेखेनं फिरकीला हात लावला. फिरकी फिरली. एक झुमका निघाला, दुसरा निघाला.

राणी बोलता बोलता थांबली. "वन्सं, कोण रडतंय?"

मग ती उठून धावली. पोराला छातीशी धरलं आणि हसावं की रडावं ते कळेना तिला. "असा आवाज आहे होय याचा!" पुन्हा पुन्हा तेच म्हणाली. मग एकाएकी तिचा चेहरा उतरला. "वन्सं, खरं सांगा. कधीपासून रडत होता हा?"

दासी वळून बघू लागल्या. कनकलेखेनं आजवर कोणाची भीड ठेवली नव्हती.

"आत्ताच, वहिनी," ती म्हणाली. "आत्ताच उठला बघा."

राणीनं मान डोलावली आणि बाळाला पदराखाली घेतलं.