हाकेला ओ

शरणदास महाराज खडकेवाडीत आले तेव्हा वैशाख तापला होता. नगरकडच्या डोंगराळ मुलखात, माळाच्या टोकाला शंभरेक उंबऱ्यांचे हे गाव. गावाबाहेर ख्रिस्ती मंडळींची वीस-पंचवीस घरे आणि त्यांचे पत्र्याचे छोटे देऊळ. महाराजांचा मुक्काम त्या देवळाच्या ओसरीवर पडला. अंगावर जाडाभरडा पांढरा कफनी-अंगरखा, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस आणि हातात एकतारी, एवढाच त्यांचा संसार. त्यांना गुरू कोण, विद्यापीठ कोणते, हे कोणी विचारले की ते हसून म्हणत, "प्रभू येशूच्या दारचा मी झाडूवाला. झाडता झाडता कानावर पडलं, तेवढंच मला येतं." पण त्यांच्या भजनाला गावातली इतर मंडळीही येऊन बसत आणि सगळेच त्यांना महाराज म्हणत.

त्या देवळाची सारी व्यवस्था शांतवन मास्तरांकडे होती. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा येत. एरवी प्रार्थना चालवणे, मुलांना शिकवणे, बाप्तिस्म्यासाठी माणसे तयार करणे हे सगळे मास्तर पाहत. मास्तरांचे पाठांतर अफाट होते. शास्त्रातला कोणताही अध्याय सांगावा, त्यांनी डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवावा. पंचक्रोशीत त्यांचा मान होता आणि तो मान त्यांना अंगावरच्या उपरण्यासारखा सारखा सावरावा लागे.

याच मंडळीत गेनू नावाचा एक दोरखंड वळणारा राहत होता. सातव्या वर्षी तापात त्याचे कान गेले आणि कानांमागोमाग बोलणेही गेले. लहानपणचे दोनतीन शब्द तेवढे जिभेवर उरले होते. घायपात कुटून, धुऊन, वाळवून तो दोर वळी. बायको ठकूबाई हीच त्याची वाचा. ती खुणा करी आणि त्याला जग कळे. ठकूचा बाप्तिस्मा झाला होता. गेनूचा झाला नव्हता, कारण बाप्तिस्म्याआधी मास्तर जे बारा प्रश्न विचारत, त्यांची उत्तरे गेनूला देता येत नसत.

तरी गेनू दर रविवारी सर्वांत आधी येऊन पहिल्या रांगेत बसे. देवळाच्या भिंतीवर एक जुने रंगीत चित्र होते: एक मेंढपाळ कड्यावरून खाली वाकला आहे आणि काट्यांत अडकलेल्या मेंढराकडे त्याने हात लांबवला आहे. प्रार्थना संपेपर्यंत गेनूची नजर त्या चित्रावरून हलत नसे. आणि का कोणास ठाऊक, वर्षभरापासून त्याने एक नवाच उद्योग मांडला होता. गावात कोणाची शेळी चुकली, कोणाचे वासरू रानात राहिले की हातातला दोर ठेवून तो निघे आणि जनावर सापडल्याशिवाय परतत नसे. जनावर कोणाचे आहे, हे तो पाहत नसे. ज्यांनी त्याला दारातून हुसकले होते, त्यांच्याही गाई त्याने ओढून आणल्या होत्या.

महाराजांनी पहिल्याच रविवारी त्याला पाहिले. प्रार्थनेनंतर त्यांनी विचारले, "हे पुढे बसतात ते कोण?"

मास्तर हसले. "तो बहिऱ्या होय? पाद्रीसाहेबांकडे त्याची बायको दरवेळी तगादा लावते, याला पण बाप्तिस्मा द्या म्हणून. मी म्हटलं, त्यापेक्षा डोंगराच्या कड्याला द्या. कडा निदान आपला शब्द परत तरी देतो."

मंडळी हसली. ठकूबाईने पदर तोंडाला लावला. हसणाऱ्यांकडे पाहून गेनूही हसला. त्याला वाटले, काहीतरी आनंदाचे बोलणे चालले आहे.

महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी ठकूला जवळ बोलावले. "बाई, त्यांना विचारा, इथं येऊन त्यांना काय कळलं?"

ठकूने हातवारे केले. गेनू जरा गोंधळला. मग त्याने चित्रातल्या मेंढपाळाकडे बोट दाखवले, दोन्ही हात खाली नेऊन काहीतरी जड उचलल्यासारखे वर आणले आणि छातीशी धरले. नंतर त्याने स्वतःकडे बोट दाखवले आणि पुन्हा तसेच केले.

"काय म्हणतात ते?"

"ते म्हनत्यात, ह्यो मला उचलायला आला," ठकू म्हणाली. "आन् आता म्या बी उचलायचं."

मग मास्तरांनी घसा खाकरला. "महाराज, चित्र पाहून कोणीही हातवारे करील. शास्त्र म्हणजे काही तमाशा नव्हे. आपण हवा तो अध्याय विचारा, इथं उभ्याउभ्या म्हणतो."

"ते मला माहीत आहे, मास्तर," महाराज शांतपणे म्हणाले. "तुमच्याइतकं मला कधीच पाठ होणार नाही. पण मला एक सांगा, आपल्यात म्हणतात ना, पालथ्या घड्यावर पाणी? त्या घड्यात खोट काय असते?"

"खोट? तो पालथा असतो."

"एवढंच. भाजलेला चांगला असतो, तडा गेलेला नसतो, कदाचित साऱ्या उतरंडीत सगळ्यांत देखणा असतो. पाऊसही त्याच्यावर इतरांइतकाच पडतो, आणि पावसाचा आवाज तर सगळ्यांत जास्त त्याच्यावरच होतो. फक्त आत थेंब जात नाही. पुष्कळांना वाटतं की प्रभूची शिकवण कठीण आहे म्हणून माणसांना कळत नाही. कठीण नाही हो ती. ती घ्यायला सुलटं व्हावं लागतं, तेवढंच जड जातं."

मास्तरांना हे लागले. ते उपरणे झटकून निघून गेले. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितले, की या बैराग्याला अक्षरांची ओळख नाही आणि तो मला घडा म्हणतो.

पुढच्या शनिवारी सकाळी मास्तर पलीकडच्या गावी प्रवचनाला निघाले. ऊन चढण्याआधी पोहोचावे म्हणून नेहमीची वाट सोडून त्यांनी डोंगराची आडवाट धरली. वर एक जुनी, कधीच आटलेली विहीर होती. तिचे काठ ढासळले होते आणि तोंडावर घाणेरीची झुडपे माजली होती. मास्तर मनात प्रवचन जुळवीत चालले होते. पायाखालची दरड सुटली आणि ते झुडपांसकट खाली गेले.

शुद्ध आली तेव्हा उजवा पाय मांडीखाली भलतीकडे वळलेला होता. वर आभाळाचा भाकरीएवढा तुकडा दिसत होता. मास्तरांनी हाका मारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत ते ओरडत होते. वैशाखाचे ऊन, घोटभर पाणी नाही. हळूहळू घसा बसला, मग आवाज फाटला आणि तिसऱ्या प्रहरी तो पुरता गेला. तोंड उघडावे तर नुसता वारा बाहेर पडे.

संध्याकाळी पलीकडच्या गावाहून निरोप आला की मास्तर पोहोचलेच नाहीत. खडकेवाडीची माणसे डोंगरावर गेली. हाकांनी रान दणाणून गेले. मास्तरांना त्या हाका ऐकू येत होत्या. दोघेजण तर विहिरीपासून पन्नास पावलांवर थांबून बोलले. "इथं कशाला येतील मास्तर? ते कधी वाट सोडायचे नाहीत." त्यांची पावले दूर जाताना मास्तरांनी ऐकली. त्यांनी दगड उचलून विहिरीच्या भिंतीवर मारला, पण हातात बळ नव्हते.

मग त्यांनी शास्त्रवचने म्हणायला घेतली, मनातल्या मनात. आणि भाविक हो, ज्या माणसाला सारे शास्त्र मुखोद्गत होते, त्याला त्या विहिरीत एकही वचन शेवटपर्यंत आठवेना. आठवली ती फक्त हरवलेल्या मेंढराची गोष्ट. तिच्यावर त्यांनी चाळीस प्रवचने केली होती. त्या गोष्टीत आपण कोण, हे त्यांनी कधी स्वतःला विचारले नव्हते. कधी मेंढपाळ होऊन ते बोलले होते, कधी न हरवलेल्या नव्याण्णवांपैकी एक होऊन. काट्यांतून वर पाहणाऱ्या मेंढराच्या जागेवरून गोष्ट कशी दिसते, हे त्यांना त्या दिवशी कळले. त्यांनी डोळे मिटले आणि लहान लेकरासारखे मनात म्हटले, "देवा, मला काही येत नाही. तू ये."

रविवारी उजाडताच शोधणारी माणसे रिकाम्या हातांनी देवळाच्या ओसरीशी येऊन बसली. कोणाचे काही चालेना. मास्तरांच्या बायकोचा चेहरा तर पाहवत नव्हता. महाराज पहाटेपासून प्रार्थनेत होते. ते उठले आणि म्हणाले, "गेनूबांना कोणी सांगितलं का?"

कोणीतरी म्हणाले, "महाराज, आम्ही कान देऊन रान पालथं घातलं. बहिरा माणूस काय ऐकणार?"

"कान असलेले जाऊन आले ना? आता त्यांना जाऊ द्या."

ठकूने घरी जाऊन गेनूला खुणेने सांगितले: मास्तर चुकले आहेत. गेनूने हातातली घायपात खाली टाकली, नवा वळलेला दोर खांद्यावर घेतला आणि तो डोंगराकडे चालू लागला. त्याच्यामागे ठकू आणि चार माणसे. गेनू नेहमी जनावरे शोधी तसाच शोधत होता: खाली मान घालून, मातीवर नजर ठेवून. पण आदल्या दिवशीच्या शोधणाऱ्यांनी सगळे पायठसे तुडवून टाकले होते. माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याला काहीच मिळाले नाही.

आणि तिथे तो एकदम थांबला.

पुढची हकीकत ठकूबाई मरेपर्यंत सांगत असे. "बारा वर्सं संसार केला," ती म्हणे, "पर ह्या मानसाचा हात कानाकडं गेल्याला मी कंदी बघितला न्हवता. त्या दिशी गेला." गेनूने हात कानामागे धरला. मान वळवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याच्या तोंडून, सात वर्षांच्या पोराच्या कोवळ्या स्वरात, एक शब्द बाहेर आला.

"ओ."

तो घाणेरीच्या दिशेने धावत सुटला. मधेच थांबे, ऐके, पुन्हा "ओ" देई आणि पुन्हा धावे. मागच्या चौघांना वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हते. झुडपे दोन्ही हातांनी फाकून तो विहिरीच्या तोंडाशी पालथा झोपला आणि त्याने खाली पाहिले. मास्तर खाली पडले होते, ओठ फुटलेले, डोळे अर्धवट उघडे.

दोराचे टोक त्याने झाडाला बांधले आणि कोणी अडवायच्या आत तो खाली उतरला. मास्तरांचा पाय त्याने आपल्या पागोट्याने बांधला, त्यांना पाठीशी घेतले, दोर दोघांच्या कमरेभोवती आवळला आणि हलवला. वरच्या चौघांनी आणि ठकूने ओढले. ढासळत्या दगडांनी गेनूचे दोन्ही खांदे सोलून निघाले, पण मास्तर बाहेर आले.

देवळाच्या ओसरीवर मास्तरांना बाजेवर निजवले. हाडवैद्याने पाय बसवला. चमच्याचमच्याने पाणी पाजल्यावर संध्याकाळी त्यांचा आवाज थोडा उमटला. ठकूने तोवर गेनूला दहादा विचारले होते: तुम्हाला काय ऐकू आले? आणि गेनू दहादा तेच सांगत होता. तो छातीवर हात ठेवी आणि अडखळत आपले नाव म्हणे, "गे-नू. गे-नू."

"ते म्हनत्यात, कुनीतरी नाव घिऊन हाक मारत हुतं," ठकूने महाराजांना सांगितले. "सारखं. गेनू, गेनू. मास्तरांनीच मारली असंल."

मास्तरांनी मान हलवली. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी नाही मारली. काल तिसऱ्या प्रहरीच माझा आवाज गेला होता. आणि..." ते थांबले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "आणि त्याचं नाव मी आजवर कधी तोंडावाटे घेतलेलंच नाही. मी त्याला बहिऱ्या म्हणतो."

महाराजांनी हात जोडले.

ठकू मोठ्या आशेने नवऱ्यामागे गेली आणि तिने हलकेच हाक मारली. गेनू वळला नाही. त्याचे कान पुन्हा मिटले होते, ते कायमचेच. ठकू महाराजांसमोर येऊन रडली. "उघडलं हुतं तर र्‍हाऊ का न्हाई दिलं देवानं?"

"मला ठाऊक नाही, बाई," महाराज म्हणाले. "मी खोटं कशाला सांगू? पण ज्यानं हाक मारली, तो त्यांना नावानं ओळखतो, एवढं आज साऱ्या गावानं पाहिलं."

त्या रात्रीपासून मास्तरांच्या बाजेशी महाराज स्वतः बसू लागले. एकदा मास्तरांनी विचारले, "महाराज, इतकी वर्षं मी वाचत होतो. मला का नाही कळलं?"

"तुम्ही दुसऱ्याला सांगण्यासाठी वाचत होता," महाराज म्हणाले. "गेनूबांना सांगायला कोणी नव्हतं. त्यामुळे जे दिसलं ते त्यांनी करून टाकलं. करायला लागलं की ती शिकवण उमजत जाते, मास्तर. नुसतं उभं राहून पाहणाऱ्याला ती नेहमी थोडी दूरच दिसते."

ज्येष्ठात पाद्रीसाहेब आले. महाराज त्यांच्यासाठीच थांबले होते. मास्तरांना अजून चालता येत नव्हते, म्हणून त्यांची बाज उचलून देवळात आणली. त्या दिवशी तिघांचा बाप्तिस्मा व्हायचा होता. रिवाजाप्रमाणे पाद्रीसाहेबांनी मास्तरांना विचारले, "सगळ्यांची तयारी झाली ना?"

"दोघांची झाली आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "गेनूबांची मी करून घेतली नाही. त्यांची आधीच झालेली होती. मीच अडवून धरलं होतं."

मग त्यांनी बाजेच्या माचव्याला धरून स्वतःला खाली सरकवले. बांधलेला पाय एका बाजूला तसाच ताठ राहिला. साऱ्या मंडळीसमोर, पाद्रीसाहेबांसमोर आणि महाराजांसमोर, त्या विद्वान माणसाने गेनूच्या पायांवर डोके ठेवले.

गेनूला वाटले, मास्तर पडताहेत. त्याने चटकन वाकून त्यांच्या काखांत हात घातले, अलगद उचलून पुन्हा बाजेवर बसवले आणि काळजीने त्यांच्या पायाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या: दुखले का?

मास्तरांनी डोळे पुसले आणि त्याला खुणेनेच सांगितले, नाही.