निरगुडीची फांदी

"आणखी किती घाबरवू त्यांना, बुवा?"

धोंडूबुवा गाईंपुढे गवत टाकत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हेमांगी परदेशात ऊर्जाशास्त्र शिकून आली होती. तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागून तिला सहा महिने झाले होते. आज ती अकरा विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरावरच्या या मठात आली होती. विजेशिवाय माणूस कसा राहतो, ते त्यांना दाखवायचं होतं.

विद्यार्थी ओसरीवर बसून मोबाइलला रेंज शोधत होते.

"पृथ्वी तापतेय म्हणजे काय, ते सगळं दाखवलं मी. आटलेल्या नद्या, उन्हानं मेलेली माणसं. एक मुलगी तर वर्गात रडली."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर त्यांनी वर्गणी काढली."

"बरं झालं की."

"एसी घेतला, बुवा. रेक्टरांना चोरून."

बुवा इतके हसले की हातातला भारा खाली पडला.

"हसू नका... मला खरंच भीती वाटते."

गाईनं एकदम मान वर केली. कान टवकारले. बुवांचं हसू थांबलं.

वाऱ्याला जळक्या गवताचा वास होता.

खालच्या उतारावर वणवा लागला होता, आणि तो वर चढत होता.

"मॅडम, खाली पळू या?" कोणीतरी ओरडलं.

"वाट त्याच्यातूनच जाते," बुवा म्हणाले.

वणवा आणि मठ यांच्यामध्ये फक्त बुवांनी राखलेलं कुरण होतं. कमरेएवढं वाळलेलं गवत. पावसापर्यंतची गाईंची वैरण.

बुवांनी निरगुडीच्या ओल्या फांद्या तोडल्या. एकेकाच्या हातात एकेक दिली. निनाद नावाचा मुलगा शूटिंग करत होता.

"ए सिनेमावाल्या, धर. ठिणगी मठाकडं उडाली की हाण तिच्या डोक्यात."

शेवटची फांदी हेमांगीच्या हातात आली.

मग बुवांनी धुनीतला निखारा चिमट्यात धरला आणि ते कुरणाच्या मठाकडच्या कडेला गेले.

"बुवा! तुमचंच गवत..."

निखारा चिमट्यातून निसटला. त्यांनी तो पुन्हा उचलला. पुन्हा निसटला.

"घाबरलात तुम्ही?" हेमांगीनं विचारलं.

"हात दिसत नाही का माझा?"

तिसऱ्या खेपेला गवत पेटलं.

आग आगीकडे निघाली. मुलं कडेनं फांद्या हाणत होती, खोकत होती, एकमेकांना शिव्या घालत होती. निनादच्या बाहीला ठिणगी लागली. शेजारच्या मुलीनं त्याच्या दंडावरच फांदी हाणली.

"अगं ए, मी म्हणजे गवत नाही!"

"हल तिकडं!"

दोन्ही ज्वाळा भेटल्या. झाडाएवढ्या उंच उठल्या...

आणि खाली बसल्या. खायला काही उरलं नव्हतं.

सगळीकडे काळं झालं होतं. गाय हंबरली.

निनादनं काजळलेलं तोंड पुसलं. "बुवा, आता या काय खाणार?"

बुवांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मुलंच आपसात कुजबुजू लागली. मघाशी फांदी हाणणारी मुलगी म्हणाली, "एसी विकू या ना." कोणी हसलं नाही.

हेमांगी बुवांजवळ आली.

"उद्या वर्गात मी काय सांगू यांना?"

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे.

तिनंही पाहिलं. फांदी तिनं घट्ट धरली होती. एकही पान होरपळलं नव्हतं. आग विझेपर्यंत ती उभ्या जागेवरून एक पाऊलही हलली नव्हती.

ती मान खाली घालणार, तोच तिला समोरच्या डोंगरावर धुराची दुसरी रेघ दिसली. त्या डोंगराखाली वाडी होती.

"बुवा... तिकडे..."

"दिसलं."

बुवा चिमटा घेऊन निघाले.

"तुझी फांदी अजून हिरवी आहे, पोरी."