शेवंतीची गरी आणि पोवळ्यांची परी

निळ्या-हिरव्या समुद्रात एक इवलंसं बेट होतं. तिथे शेवंती आणि तिची आई राहायच्या. आईचा ताप उतरला होता, पण अन्न काही गोड लागेना. ती हळूच म्हणाली, "ताज्या मासळीची आमटी असती, तर दोन घास गेले असते गं."

शेवंती मासे धरायची गरी घेऊन निघाली. ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात पोवळ्यांची बाग फुलली होती, जांभळी, केशरी, गुलाबी! तिने गरीला खोबरं लावलं. मासे हुंगून निघून गेले. पिठाची गोळी लावली, ती विरघळली. कोळंबी लावली, तर एका खेकडुल्याने पळवली. शेवंतीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गुलाबी पोवळ्यातून एक चिमुकली परी वर आली. तिचे पंख माशाच्या परांसारखे झुळझुळीत होते.

"रडू नकोस, चिमणे. एक काहीतरी माग."

"परीताई, माशांना काय आवडतं ते मला कळू दे."

"कळेल. पण त्यांना आवडेल ते द्यायचं, अगदी तुझ्या घासातलं असलं तरी. आणि पोटात अंडी असलेली मासोळी आली, तर सोडायची."

परी दिसेनाशी झाली, आणि पाणी कुजबुजलं, "भाजलेलं कालव!"

शेवंतीच्या शिदोरीत भाकरीबरोबर शिंपल्यातलं एकच भाजलेलं कालव होतं. पोटात कावळे ओरडत होते, तरी तिने ते गरीला लावलं. दोरीला हिसका बसला! रुपेरी, भली मोठी मासोळी! पण तिचं पोट टम्म फुगलेलं होतं.

आईचा सुकलेला चेहरा तिला आठवला. बघायला कुणीच नव्हतं. शेवंतीने अलगद गरी सोडवली.

"जा गं, तुझी बाळं सुखरूप होऊ देत," ती हुंदका देत म्हणाली.

लगेच परी समोर आली. "अटी तू मनापासून पाळल्यास. आता ही जाण कायमची तुझी."

पाणी पुन्हा कुजबुजलं, "हिरवं शेवाळ!" शेवाळ तर पायाशीच होतं, हवं तेवढं! ते गरीला गुंडाळताच दोन गुबगुबीत मासे लागले. शेवंती हसत वळली, तर परीच्या पंखांतून सोनेरी उजेड फुटला, पाणीभर पसरला आणि त्यात परी विरून गेली.

दुपारी आईने आमटी ओरपली, बोटं चाटली आणि विचारलं, "शेवंते, आणखी भात आहे का गं?"