पुटुकची थैली कोणी रिकामी केली?

एक होता पुटुक. मोहरीपेक्षा बारका. मुंगीच्या डोळ्यापेक्षा बारका. राहायचा कुठं? गेनूआबांच्या डोक्यात!

पुटुककडं एक थैली. थैलीत रस. पुढं एक फट. पुटुकनं फटीत रस सांडला, की पलीकडची शेजारीण ओरडायची, "हाता, ऊठ!" की उठला आबांचा हात.

एक दिवस पुटुक बघतो तर काय? थैली रिकामी!

"माझा रस कोणी चोरला?"

तू तर नाही ना प्यायलास? आ कर बघू. जीभ दाखव. हं... आत्ता सोडतो तुला.

तिकडं आबांचा हात मांडीवर थरथर थरथर. उठेचना.

पुटुक निघाला. टुणुक टुणुक. गेला पंपदादाकडं. थैल्या भरायचं काम त्याचं.

"पंपदादा, पंपदादा,
थैली माझी रिकामी,
हात आबांचा उठेना.
भर की!"

पंपदादानं डोळे बारीक केले.
"फुस्स! तूच प्यायला असशील, लबाडा. रसमावशी रस देईल, तर मी भरीन."

टुणुक टुणुक. गेला रसमावशीकडं.

"रसमावशी, रसमावशी,
थैली माझी रिकामी,
हात आबांचा उठेना,
पंप काही भरेना.
रस दे की!"

मावशीनं पातेल्यावर झाकण दाबलं. धप्प!
"डोकावतोस काय रे? सरक तिकडं! रस कशाचा करू, तुझ्या शेंडीचा? रक्तमामा सामान आणील, तर मी रस देईन."

टुणुक टुणुक. गेला रक्तमामाकडं. मामा चालला होता होडी घेऊन, सळसळ सळसळ.

"रक्तमामा, रक्तमामा,
थैली माझी रिकामी,
हात आबांचा उठेना,
पंप काही भरेना,
मावशी रस देईना.
सामान आण की!"

"आला का माझ्यावर संशय? घे, तपास होडी! आहे काही? पोटोबा सोडील, तर मी आणीन."

टुणुक टुणुक. गेला पोटोबाकडं.

"पोटोबा, पोटोबा,
थैली माझी रिकामी,
हात आबांचा उठेना,
पंप काही भरेना,
मावशी रस देईना,
मामा सामान आणेना.
सोड की!"

"गुडगुड! मी खाल्लं? कोण म्हणतं मी खाल्लं? वरून काही आलंच नाही. त्या जिभेवर लक्ष ठेव. जीभताई ढकलील, तर मी सोडीन."

टुणुक टुणुक. गेला जीभताईकडं.

"जीभताई, जीभताई,
थैली माझी रिकामी,
हात आबांचा उठेना,
पंप काही भरेना,
मावशी रस देईना,
मामा सामान आणेना,
पोटोबा काही सोडेना.
ढकल की!"

"शूऽऽ! हळू बोल. रसाचं सामान त्या औषधाच्या गोळीत. अन् आबांनी ती गालात लपवलीय."

"का गं?"

"आबा म्हणतात, ही झोपेची गोळी. मी झोपलो, की सूनबाई माझी करंजी खाणार! हात पेला उचलील, पाणी येईल, तर मी ढकलीन."

टुणुक टुणुक. गेला हाताकडं.

"हातोबा, हातोबा,
थैली माझी रिकामी,
पंप काही भरेना,
मावशी रस देईना,
मामा सामान आणेना,
पोटोबा काही सोडेना,
जीभ गोळी ढकलेना.
ऊठ की!"

"थरथर! उठीन की. तो पुटुक रस सांडील, तर मी उठीन."

"अरे! पुटुक तर मीच!"

झाली का पंचाईत?

पुटुक चिडला. पळत जिभेवर गेला. थयथय नाचला. टुणुक टुणुक टुणुक! जिभेला गुदगुल्या. आबा हसले, "ह्या ह्या ह्या!" तोंड उघडलं.

समोर नात तानी. ती बघतच होती.

"आबा, गालात काय?"

"काय नाय गं. दात हाय."

"तुमचे दात तर डबीत आहेत!"

पकडले आबा!

"आगं, झोपेची गोळी ती. माझी करंजी जाईल!"

तानीनं करंजी आणली. आबांच्या मुठीत कोंबली. "धरा घट्ट. आता कोण नेतंय बघू." आणि पाण्याचा पेला लावला आबांच्या ओठाला.

गटक!

पाणी आलं, जिभेनं ढकललं.
जिभेनं ढकललं, पोटोबानं सोडलं.
पोटोबानं सोडलं, मामानं आणलं. सळसळ!
मामानं आणलं, मावशीनं रस दिला.
मावशीनं रस दिला, पंपदादानं भरला. फुस्स फुस्स!

थैली टम्म! पुटुक धावला फटीकडं. फट्! रस सांडला.

"हाता, ऊठ!"

आणि हात उठला. हळू... हळू... थेट तोंडाशी. कुर्रम!

आबा झोपेची वाट बघत बसले. झोप कुठं आलीय? मग करंजी मोडली. अर्धी सूनबाईपुढं केली.

"घे गं सूनबाई. मागून खायचं. चोरून नाय!"